लिनक्सवरचा पीडीएफ अर्ज: उत्तर आणि उत्तराचे चित्र

पीडीएफ अर्जातला रकाना म्हणजे कागदावर आखलेली नुसती चौकट नव्हे. फाइलीच्या आत त्या रकान्याची स्वतंत्र नोंद असते. तीत रकान्याचे नाव, त्याचा प्रकार, त्यात भरलेले उत्तर आणि ते उत्तर पानावर कसे दिसावे याचे रेखाटन, असे सगळे नोंदलेले असते. यातले शेवटचे दोन भाग वेगवेगळे आहेत. ‘पुणे’ हे उत्तर एका जागी साठवले जाते आणि पानावर दिसणारी ‘पुणे’ ही अक्षरे दुसऱ्या जागी, रेखाटनाच्या सूचनांच्या रूपात असतात. कोणता टंक, किती आकार, कोणत्या बिंदूपासून सुरुवात, हे त्या सूचना सांगतात. लिनक्सवर अर्ज भरताना आणि सेव्ह करताना येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याचशा या दोन भागांचा मेळ न बसल्याने येतात.

पीडीएफ हे स्वरूप अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. भरता येणारे अर्ज त्यात १९९६ च्या १.२ आवृत्तीपासून आले. या व्यवस्थेला अ‍ॅक्रोफॉर्म म्हणतात. २००८ मध्ये पीडीएफ १.७ ला आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले आणि अ‍ॅक्रोफॉर्मचे नियम त्यात लिहिले गेले. मानक जाहीर असल्यामुळे कोणालाही ते वाचून प्रोग्राम लिहिता येतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ अर्ज आज इतक्या सहजपणे चालतात, त्याचे मूळ कारण हेच.

अ‍ॅक्रोफॉर्ममध्ये रकान्यांचे चारच मूळ प्रकार आहेत: मजकुराचा, बटणाचा, यादीतून निवडण्याचा आणि सहीचा. टिकमार्कची चौकट आणि अनेकांतला एकच पर्याय निवडण्याचे गोल ठिपके हेही बटणांतच मोडतात. मजकुराच्या रकान्याला कमाल अक्षरसंख्या ठरवून देता येते. तिच्या जोडीला ‘कोंब’ ही खूण लावली की रकान्याची तितकी सारखी घरे पडतात. पॅनमधली १० अक्षरे-अंक किंवा आधारचे १२ आकडे एकेका घरात बसतात ते याच सोयीमुळे. दोन रकान्यांना एकच नाव दिले, तर ते एकाच नोंदीची दोन दर्शने ठरतात. म्हणून काही अर्जांत पहिल्या पानावर लिहिलेले अर्जदाराचे नाव तिसऱ्या पानावरच्या घोषणापत्रात आपोआप उमटते.

मजकुराच्या रकान्यात काही टाइप केले की प्रोग्रामला दोन कामे करावी लागतात: उत्तर बदलायचे आणि त्याचे रेखाटन नव्याने करायचे. एखाद्या प्रोग्रामने पहिले केले आणि दुसरे टाळले, तर विचित्र स्थिती होते. घरी अर्ज नीट भरलेला दिसतो आणि कचेरीतल्या संगणकावर तोच कोरा उघडतो. उत्तर फाइलीत असते, पण ज्या प्रोग्रामात फाइल उघडली तो फक्त साठवलेले रेखाटन दाखवतो, आणि ते रिकामे असते. कधी हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो: रकान्यावर क्लिक केले की मजकूर दिसतो, बाहेर आले की नाहीसा होतो. यावर पळवाट म्हणून मानकात एक खूण होती. ती लावलेली असली की ‘रेखाटने विश्वासार्ह नाहीत, उघडणाऱ्याने ती स्वतः तयार करावीत’ असा अर्थ होई. पण तो निरोप प्रत्येक प्रोग्राम पाळेलच याची हमी नव्हती. २०१७ च्या पीडीएफ २.० मध्ये ही खूण कालबाह्य ठरवली गेली आणि रेखाटन फाइलीतच असले पाहिजे असा आग्रह धरला गेला. हा निर्णय योग्यच होता. अर्ज पाहणाऱ्याच्या संगणकावर उत्तराचे रूप अवलंबून राहणे हे कोणत्याही दस्तऐवजाला शोभणारे नाही.

टिकमार्कच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. खूण नसलेल्या स्थितीचे नाव ‘ऑफ’ असे ठरलेले आहे, पण खूण असलेल्या स्थितीचे नाव अर्ज बनवणारा ठरवतो. कुठे ते ‘येस’ असते, कुठे ‘ऑन’, कुठे नुसता ‘१’. हाताने क्लिक करणाऱ्याला हे कळण्याचे कारण नाही. प्रोग्राम लिहून अर्ज भरणाऱ्याने मात्र चुकीचे नाव दिले, तर चौकट कोरीच राहते आणि चूक दाखवणारा संदेशही बहुधा येत नाही.

लिनक्सवरच्या पीडीएफ वाचकांपैकी पुष्कळांचा उगम एकाच ठिकाणी आहे. डेरेक नूनबर्ग यांचा एक्सपीडीएफ हा प्रोग्राम १९९५ चा. त्याच्या संकेतावरून २००५ मध्ये पॉप्लर ही लायब्ररी वेगळी निघाली. ग्नोम डेस्कटॉपचा एव्हिन्स आणि केडीईचा ऑक्युलर हे दोन्ही वाचक तिच्यावर उभे आहेत. त्यामुळे रकाना रेखाटण्यात पॉप्लरचा काही दोष असेल, तर तो दोघांतही दिसतो आणि पॉप्लरमध्ये दुरुस्ती झाली की दोघेही सुधारतात. फायरफॉक्समध्ये मोझिलाचे पीडीएफ डॉट जेएस आहे आणि क्रोमियममध्ये पीडीएफियम. पीडीएफियम हा मूळचा फॉक्सिट कंपनीचा संकेत, जो गूगलने २०१४ मध्ये खुला केला. थोडक्यात, रेखाटनाची तीन वेगवेगळी यंत्रे उपलब्ध आहेत. एकात न दिसणारे उत्तर दुसऱ्यात तपासून पाहण्यासाठी हे भांडवल मोठे आहे.

सेव्ह करण्याची रीत मात्र प्रत्येकाची निराळी. एव्हिन्समध्ये अर्ज भरून खिडकी बंद करू लागले, की प्रत सेव्ह केली नाही तर बदल कायमचे जातील असा इशारा मिळतो. नव्या नावाने प्रत ठेवली की मूळ कोरा अर्ज हाताशी राहतो, आणि ही सवय सर्वत्रच लावून घेण्याजोगी आहे. ऑक्युलरच्या जुन्या आवृत्त्यांत भरलेली उत्तरे पीडीएफमध्ये जातच नसत. वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरात, एका आडबाजूच्या जागी, एक्सएमएल फाइलीत ती साठवली जात. त्याच संगणकावर अर्ज पुन्हा उघडला की उत्तरे जागच्या जागी दिसत, म्हणून सेव्ह झाल्याची खात्री पटे. फाइल ईमेलने गेली की पलीकडे कोरा अर्ज पोचे. पुढच्या आवृत्त्यांनी ही पद्धत बदलली आणि आता ऑक्युलर उत्तरे पीडीएफमध्येच लिहितो. जुन्या सल्ल्यांत मात्र ‘ऑक्युलर अर्ज सेव्ह करत नाही’ हे वाक्य अजून भेटते. फायरफॉक्सने अ‍ॅक्रोफॉर्म भरण्याची आणि सेव्ह करण्याची सोय २०२० मध्ये दिली. ब्राउझरमध्ये एक दक्षता घ्यावी लागते. अर्ज वेबवरून थेट उघडून भरला आणि डाउनलोडचे बटण न दाबता टॅब बंद केला, तर भरलेले सारे जाते.

बहुतेक प्रोग्राम सेव्ह करताना फाइल पहिल्यापासून लिहीत नाहीत. पॉप्लर आणि पीडीएफ डॉट जेएस हे दोघेही सर्वसाधारणपणे बदललेल्या नोंदी फाइलीच्या शेवटी जोडतात आणि ‘अमुक नोंद आता येथे आहे’ अशी नवी अनुक्रमणिका लिहितात. रोजकीर्दीत चुकलेली नोंद न खोडता शेवटी दुरुस्तीची नोंद टाकावी, तसा हा प्रकार. त्यामुळे सेव्ह करणे झटपट होते आणि आधी केलेली डिजिटल सही अबाधित राहते. पण जुनी नोंदही फाइलीत तशीच राहते. कोणी उत्पन्नाच्या रकान्यात एक आकडा लिहून सेव्ह केले, नंतर तो बदलून पुन्हा सेव्ह केले, तर पडद्यावर नवा आकडा दिसतो आणि आत दोन्ही असतात. जाणकार माणूस शेवटचा जोड कापून आधीची अवस्था परत मिळवू शकतो. एका ग्राहकासाठी भरलेला अर्ज पुसून दुसऱ्यासाठी वापरण्याची रीत सायबर कॅफेत आणि कचेऱ्यांत सर्रास आढळते. त्यातून पहिल्याचा बँक खाते क्रमांक दुसऱ्याच्या फाइलीत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक अर्जदारासाठी कोऱ्या मूळ फाइलीपासूनच सुरुवात करावी. झालेली फाइल स्वच्छ करायची असेल तर क्यूपीडीएफ हे साधन ती नव्याने लिहिते आणि कोणीही संदर्भ देत नसलेल्या जुन्या नोंदी गाळून टाकते.

काही अर्ज मात्र अ‍ॅक्रोफॉर्मच्या नियमांत बसतच नाहीत. ते उघडले की पडद्यावर एकच पान येते: ‘कृपया थांबा’, आणि हा संदेश गेला नाही तर तुमच्या वाचकाला हा दस्तऐवज दाखवता येत नसावा, असे त्याखाली इंग्रजीत लिहिलेले असते. कितीही थांबले तरी काही होत नाही. फाइल बिघडलेली नसते. तो एक्सएफए अर्ज असतो. कॅनडातल्या जेटफॉर्म कंपनीने हे तंत्र घडवले. पुढे त्या कंपनीचे नाव अ‍ॅक्सेलिओ झाले आणि २००२ मध्ये अ‍ॅडोबीने ती विकत घेतली. २००३ च्या पीडीएफ १.५ पासून एक्सएफए पीडीएफमध्ये शिरले. यात संपूर्ण अर्ज एक्सएमएल भाषेत लिहिलेला असतो आणि पीडीएफ हे त्याचे केवळ वेष्टन असते. पाने आधी आखलेली नसतात. उत्तराप्रमाणे ओळी वाढतात, नवे भाग उघडतात, नको ते भाग लपतात. ‘थांबा’ असे सांगणारे पान हेच वेष्टनातले एकमेव खरे पीडीएफ पान. एक्सएफए न जाणणारा वाचक प्रामाणिकपणे तेवढेच दाखवतो.

हे स्वरूप आयएसओ मानकाचा भाग कधीच झाले नाही. त्याचा केवळ उल्लेख तिथे होता आणि पीडीएफ २.० ने ते कालबाह्य ठरवले. तोवर अनेक सरकारांनी ते स्वीकारले होते. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचे कितीतरी अर्ज अशाच प्रकारचे. मुलांकडे टोरांटोला जाऊ पाहणाऱ्या आईवडिलांना भरावा लागणारा अभ्यागत व्हिसाचा अर्जही त्यातलाच. त्यात उत्तरे तपासणारे बटण असते आणि तपासणी पार पडली की बारकोड असलेले पान तयार होते. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००६ मध्ये सुरू केलेल्या एमसीए-२१ व्यवस्थेतही भरून अपलोड करायचे पीडीएफ ई-फॉर्म होते आणि ते अ‍ॅडोबीच्या रीडरवर विसंबून होते. लिनक्सवर काम करणाऱ्याला तेवढ्यासाठी विंडोजची सोय ठेवावी लागे. २०२२ पासून त्या व्यवस्थेच्या तिसऱ्या पिढीत हे अर्ज टप्प्याटप्प्याने थेट वेबवर भरण्याचे झाले.

अ‍ॅडोबीचा स्वतःचा रीडर लिनक्ससाठी एके काळी मिळत असे. त्याची शेवटची आवृत्ती ९.५.५, २०१३ मधली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद झाल्या, म्हणून आज तो शोधून बसवणे हितावह नाही. एक्सएफएसाठी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मोठे पाऊल पडले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये, फायरफॉक्सच्या ९३ व्या आवृत्तीत. तिच्यात असे अर्ज उघडतात आणि भरताही येतात. तरी अर्ज उघडला म्हणजे त्यातले प्रत्येक बटण आणि प्रत्येक हिशेब चालेलच असे नाही. ज्या अर्जाची तपासणी त्याच्या आतल्या संकेतावर अवलंबून आहे, तो पाठवण्याआधी शेवटचे पान खरोखर तयार झाले का, हे पाहावेच लागते.

अ‍ॅक्रोफॉर्म आणि एक्सएफए यांच्या मधला एक प्रकार जास्त फसवा आहे. काही फाइलींत एक्सएफए आणि अ‍ॅक्रोफॉर्म दोन्ही असतात. एव्हिन्स किंवा ऑक्युलर अ‍ॅक्रोफॉर्मच्या रकान्यांत उत्तरे लिहितो, एक्सएफएचा भाग जुनाच राहतो, आणि अ‍ॅडोबीचा रीडर त्या जुन्या भागालाच खरे मानू शकतो. अशा वेळी पीडीएफटीके या साधनाने एक्सएफएचा भाग काढून टाकला, की एकच नोंद उरते.

सेव्ह करण्याच्या परवानगीचा इतिहासही अर्ज भरणाऱ्यांना बराच काळ भोवला. अ‍ॅडोबीचा मोफत रीडर २०१२ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत भरलेला अर्ज सहसा सेव्ह करू देत नसे, फक्त छापू देई. अर्ज काढणाऱ्या संस्थेने अ‍ॅडोबीच्या विकतच्या साधनाने फाइलीवर विशेष हक्कांची सही उमटवली असेल, तरच सेव्ह करता येई. लिनक्सवरचे वाचक ही अट मानत नसत आणि सरळ सेव्ह करत. पण त्यामुळे ती हक्कांची सही मोडे आणि फाइल पुढे रीडरमध्ये उघडली की ‘दस्तऐवज बदलला आहे, विशेष सोयी आता मिळणार नाहीत’ असा इशारा झळके. उत्तरे शाबूत असत, इशारा मात्र घाबरवून सोडणारा.

मराठीत अर्ज भरणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे जावे तितके लक्ष अजून गेलेले नाही. बहुतेक अर्जांत रकान्याचा ठरलेला टंक हेल्वेटिकासारखा रोमन असतो. त्यात देवनागरी अक्षरे नसतात. उत्तर साठवताना ते युनिकोडमध्ये जाते, त्यामुळे उत्तराच्या बाजूने काहीच बिघडत नाही. रेखाटनाच्या बाजूला मात्र चौकोन उमटतात किंवा जागा कोरी राहते. पॉप्लरने २०२२ मध्ये यात सुधारणा केली: रकान्याच्या टंकात अक्षर सापडले नाही तर संगणकावरचा दुसरा टंक शोधून तो फाइलीत घातला जातो. इतके होऊनही देवनागरीचे काम अर्धेच होते.

देवनागरी अक्षरे टाइप केलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवली तर शब्द होत नाही. ‘शिंदे’ या नावात युनिकोडच्या क्रमाने आधी श येतो, मग ऱ्हस्व इकार. दिसताना इकार श च्या आधी यायला हवा. ‘कर्वे’ लिहिताना र आणि हलन्त मिळून व वर रफार चढायला हवा. ही जुळणी करणारा वेगळा टप्पा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझ ही लायब्ररी ते काम उत्तम करते आणि फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोमचे प्रोग्राम या सर्वांत ती आहे. पण रकान्याचे रेखाटन लिहिणारा संकेत ठिकठिकाणी जुना आहे आणि तो रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. तो एका अक्षरचिन्हापुढे दुसरे ठेवत जातो. मग ‘शिंदे’ मधला इकार श सोडून पुढच्या द वर झुकलेला दिसतो आणि ‘कर्वे’ मध्ये पाय मोडलेला र उघडा पडतो. फायरफॉक्समध्ये टाइप करताना शब्द बिनचूक दिसतो, कारण तेव्हा तो ब्राउझरच्या नेहमीच्या मजकूर-यंत्राने काढलेला असतो. सेव्ह केलेली फाइल दुसरीकडे तशीच दिसेल असे त्यावरून ठरत नाही.

यावर आजच्या घडीला खात्रीचा उपाय म्हणजे देवनागरी मजकूर रकान्यात न भरता पानावर वरून लिहिणे. झुर्नल++ हा प्रोग्राम पीडीएफ पान पार्श्वभूमीला ठेवतो आणि त्यावर मजकूर लिहू देतो. तो मजकूर पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी आणि हार्फबझ यांच्यामार्फत रेखाटला जातो, त्यामुळे जोडाक्षरे, रफार, इकार सारे जागेवर बसते. नोटो किंवा लोहित देवनागरी टंक निवडावा आणि शेवटी पीडीएफ निर्यात करावी. रकाने यात निरुपयोगी होतात आणि पलीकडचा संगणक उत्तरे आपोआप वेचू शकत नाही. ज्या कचेरीत अर्ज छापून फाइलीला लावला जातो, तिथे याने काही अडत नाही.

आपल्याकडच्या सरकारी अर्जांपैकी कितीतरी मुळात कागदाचे स्कॅन असतात, त्यांत रकानेच नसतात. त्यांनाही हाच उपाय लागू पडतो. ऑक्युलरमधले टंकलेखनाचे साधन आणि फायरफॉक्समध्ये २०२२ साली आलेले मजकुराचे बटण यांनीही पानावर लिहिता येते. अर्जाची पीडीएफ लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो जपून घ्यावा. ड्रॉ प्रत्येक ओळीचे सुटे तुकडे करतो, मूळ टंक नसेल तर दुसरा लावतो, आणि मांडणी सरकते.

अर्ज स्वतः तयार करायचा असेल तर लिबरऑफिस रायटर पुरेसा आहे. मजकुराचे रकाने, टिकमार्क, याद्या जागोजाग ठेवाव्यात, प्रत्येक रकान्याला अर्थपूर्ण नाव द्यावे आणि पीडीएफ निर्यात करताना अर्ज तयार करण्याचा पर्याय चालू ठेवावा. त्याच खिडकीत संमिश्र पीडीएफचा पर्याय असतो. तो निवडला तर मूळ रायटर फाइल पीडीएफच्या पोटातच ठेवली जाते आणि पुढच्या वर्षी अर्जात कलम बदलायचे झाले तर तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करता येते. मूळ फाइल हरवली म्हणून पीडीएफ फोडत बसण्याची वेळ संस्थांवर वारंवार येते, ती याने टळते.

एकाच नमुन्याचे शेकडो अर्ज भरायचे असतील, शाळेतल्या सर्व विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज समजा, तर हाताने क्लिक करत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे. पीडीएफटीके अर्जातल्या सर्व रकान्यांची नावे आणि टिकमार्कच्या स्थितींची नावे काढून देते. त्या नावांपुढे उत्तरे लिहून एफडीएफ ही छोटी मजकूर-फाइल बनवायची आणि ती कोऱ्या अर्जात ओतायची. विद्यार्थ्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये असेल तर चार ओळींच्या स्क्रिप्टने प्रत्येकाची एफडीएफ तयार होते. उत्तरे रोमन लिपीत असतील तर हे काम निर्धास्त होते.

अर्ज पाठवण्याआधी तो सपाट करणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. सपाट करणे म्हणजे रकान्याची नोंद काढून तिचे रेखाटन पानातच मुरवणे. मग उत्तर आणि चित्र असे दोन भाग उरत नाहीत, कोणत्याही वाचकात तेच दिसते आणि पलीकडे कोणी चुकूनही बदल करू शकत नाही. पीडीएफटीके आणि क्यूपीडीएफ दोघांतही ही सोय आहे. छपाईच्या खिडकीतून फाइलीत प्रिंट घेतली तरी परिणाम जवळपास तोच. सपाट करण्याआधी रेखाटने ताजी आहेत ना हे पाहावे, नाहीतर कोरेपणच पानात मुरते. क्यूपीडीएफला रेखाटने आधी तयार करण्याची सूचना देता येते, मात्र देवनागरीच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. भरलेली, सपाट न केलेली प्रत आपल्यापाशी ठेवावीच, कारण सपाट अर्जातली चूक दुरुस्त करायला रकाना उरत नाही.

डिजिटल सही असेल तर या सगळ्या कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ऑक्युलरमध्ये २०२१ पासून प्रमाणपत्राने सही करता येते आणि त्यासाठी तो फायरफॉक्समध्ये नोंदवलेली प्रमाणपत्रे वापरू शकतो. सही फाइलीतल्या नेमक्या बाइट्सवर केलेली असते. नंतर शेवटी जोडलेली नोंद त्या बाइट्सना धक्का लावत नाही, पण सही तपासणारा प्रोग्राम ‘सहीनंतर भर पडली आहे’ हे दाखवतो आणि ती भर परवानगीतली आहे की नाही हेही ठरवतो. फाइल नव्याने लिहिणारी कामे, म्हणजे क्यूपीडीएफने स्वच्छ करणे, सपाट करणे, फाइलीत प्रिंट घेणे, ही सही मोडतात. प्रिंटमध्ये सहीची चौकट आणि सही करणाऱ्याचे नाव दिसत राहते, पण पडताळणीला काहीच उरत नाही. म्हणून आधी भरणे, मग दुसऱ्या वाचकात उघडून तपासणे, गरज असेल तर स्वच्छ आणि सपाट करणे, आणि सही सर्वांत शेवटी. बहुतेक वेळा सही केलेली फाइल त्यानंतर सेव्ह न करता जशीच्या तशी पाठवायची असते.